चौथ्या वर्षाची तयारी पहिल्या वर्षापासून: महाराष्ट्रात ऑनर्स पदवीला प्रवेश कसा घ्यावा

‘ऑनर्स’ हा शब्द पूर्वी आपल्या कानांवर पडत असे तो दिल्लीत किंवा कोलकात्यात शिकलेल्या माणसांकडून. तिकडे एका विषयात खोल जाणारी तीन वर्षांची पदवी म्हणजे ऑनर्स. आपल्याकडे त्या जागी ‘स्पेशल’ विषय असे, आणि पुणे विद्यापीठातून बी.ए. झालेल्या जुन्या विद्यार्थ्याला एस-१, एस-२ ही पेपरांची नावे आजही तोंडपाठ असतात. आता हा शब्द महाराष्ट्रात आला आहे, पण अर्थ बदलून. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांनी मिळते ती पदवी, आणि त्यापुढे त्याच मुख्य विषयात चौथे वर्ष पूर्ण केले तर मिळते ती ऑनर्स पदवी. या चौथ्या वर्षाच्या दोन शाखा आहेत: एक साधे ऑनर्स आणि दुसरे संशोधनासह ऑनर्स.

राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांनी ही रचना २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून स्वीकारली. त्यामुळे स्वायत्त महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२६-२७ मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांतील पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पाऊल ठेवते. पहिल्या तुकड्यांची खरी अडचण इथेच आहे: आपल्याकडे प्रवेशाची बहुतेक माहिती वरच्या वर्गातल्या दादा-ताईंकडून मिळते, आणि या वाटेने आधी गेलेले दादा-ताई फारसे नाहीत. प्रवेशाची सूचना तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस लागत असल्याने विचारही तेव्हाच करायचा, असा समज त्यातून होतो. तो समज महागात पडू शकतो, कारण ज्या गोष्टींवर हा प्रवेश ठरतो त्यांपैकी बहुतेक तोपर्यंत ठरून गेलेल्या असतात.

आधी आकडे समजून घ्यावेत

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीसाठी किमान १६० क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले माप, सरकारी भाषेत श्रेयांक, लागतात. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने आणि पुढे १३ मार्च २०२४ च्या सुधारित निर्णयाने जी मांडणी केली, तिच्यात एका सत्राला २० ते २२ क्रेडिट धरलेली असल्याने हे आकडे अनुक्रमे १३२ आणि १७६ पर्यंत जातात. आपल्या विद्यापीठाने नेमका कोणता आकडा धरला आहे, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत पहिल्या काही पानांतच दिलेले असते.

चौथ्या वर्षात दोन्ही शाखांना मुख्य विषयाचे प्रगत पेपर आणि संशोधनपद्धतीचा एक पेपर असतो. फरक पुढे आहे. संशोधन शाखेत एकूण १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. राज्याच्या मांडणीत त्यांपैकी चार सातव्या सत्रात आणि आठ आठव्या सत्रात येतात. साध्या ऑनर्समध्ये त्याऐवजी जादा पेपर आणि चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग असते. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामाला एका क्रेडिटमागे ३० तास धरतात, तेव्हा १२ क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे सुमारे ३६० तासांचे काम होय. दिवाळीच्या सुट्टीत बसून उरकता येईल असा हा मामला नाही.

संशोधन शाखेसाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण हवेत. साध्या ऑनर्सला ही अट नाही. तिथे तीन वर्षांचे क्रेडिट पूर्ण असणे आणि महाविद्यालयात त्या विषयाचे चौथे वर्ष चालू असणे या दोन गोष्टी पाहिल्या जातात.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे वाचत असतील तर त्यांनी एक घोळ टाळावा. बी.टेक. किंवा बी.ई. मधील ‘ऑनर्स’ ही निराळी व्यवस्था आहे: पदवी मुळातच चार वर्षांची असते, आणि नेहमीच्या क्रेडिटांवर साधारण १८ ते २० जादा क्रेडिट मिळवल्यास प्रमाणपत्रावर ऑनर्सचा उल्लेख होतो. त्याची नोंदणी बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आसपास होते. पुढील मजकूर कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांविषयी आहे.

हे वर्ष कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही

प्रत्येकाने चौथे वर्ष करावे, असे मला मुळीच वाटत नाही. एमपीएससी किंवा यूपीएससीच्या परीक्षेला, तीन वर्षांच्या एलएल.बी.ला, एमबीएच्या सीईटीला तीन वर्षांची पदवी पुरते; ज्याचे लक्ष तिकडे आहे त्याने एक वर्ष आणि एका वर्षाची फी कशासाठी घालवायची, याचे उत्तर स्वतःकडे असल्याशिवाय अर्ज करू नये. ‘ऑनर्स’ हा शब्द गुणपत्रिकेवर बरा दिसतो, हे त्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

ज्यांना एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. करायचेच आहे, त्यांचा हिशोब जरा वेगळा आहे. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, किंवा चार वर्षांचे ऑनर्स आणि एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण, या दोन्ही मार्गांनी पाचच वर्षे लागतात. पहिल्या मार्गात तीन वर्षांनंतर विद्यापीठ किंवा शहर बदलण्याची संधी सहज मिळते, आणि बारामतीच्या किंवा कणकवलीच्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या विद्यापीठ विभागात दोन वर्षे सलग मिळणे ही लहान गोष्ट नाही. दुसऱ्या मार्गात तुम्ही ओळखीच्या शिक्षकांबरोबर एक वर्ष जास्त राहता. पण पुढच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला तुमच्या पसंतीच्या विद्यापीठात जागा किती आहेत, हे आधी पाहून ठेवावे लागते.

दोन प्रकारच्या विद्यार्थ्यांना मात्र चौथे वर्ष नक्की उपयोगी पडते. पहिला परदेशी जाऊ पाहणारा. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी शालेय शिक्षण धरून सोळा वर्षांचे शिक्षण मागतात, आणि आपली दहावी, बारावी व तीन वर्षांची पदवी मिळून पंधराच वर्षे होतात; ऑनर्समुळे ती उणीव भरून निघते. दुसरा संशोधनाकडे वळू पाहणारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील पीएच.डी. नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असलेला विद्यार्थी पदव्युत्तर पदवीशिवायही पीएच.डी. प्रवेशाला पात्र ठरतो, आणि २०२४ पासून असा विद्यार्थी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती व पीएच.डी. प्रवेशासाठी नेट परीक्षाही देऊ शकतो. अनुसूचित जाती व जमाती, नॉन-क्रीमीलेअरमधील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना या अटीत पाच टक्क्यांची सवलत आहे. ही सवलत पीएच.डी. प्रवेशाची आहे, चौथ्या वर्षाच्या संशोधन शाखेलाही ती आपोआप लागू होईल असे धरून बसू नये. शिवाय ज्याला पुढे महाविद्यालयात शिकवायचे आहे त्याला सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर पदवी लागतेच, हे विसरून चालणार नाही.

पहिल्या दोन वर्षांत काय करावे

७५ टक्क्यांची अट सहाही सत्रांच्या एकत्रित कामगिरीवर असते, याचा अर्थ आकडे मांडल्याशिवाय नीट कळत नाही. समजा तुमच्या विद्यापीठात ही अट ७.५ सीजीपीए (सर्व सत्रांच्या श्रेणीगुणांची दहापैकी सरासरी) अशी मोजली जाते आणि प्रत्येक सत्राची क्रेडिट सारखीच आहेत. पहिल्या वर्षी नव्या शहरात, नव्या पद्धतीत चाचपडत दोन्ही सत्रांत ६.६ मिळाले, तर उरलेल्या चार सत्रांत सरासरी ७.९५ लागेल, अवघड आहे, पण होण्यासारखे आहे. हीच जाणीव दुसऱ्या वर्षाच्या शेवटी झाली आणि तोवर चार सत्रांची सरासरी ६.८ असेल, तर शेवटच्या दोन सत्रांत ८.९ मिळवावे लागेल. ते जवळजवळ अशक्यच. सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर करण्याचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे स्वतःचे असते, तेव्हा आपल्या गुणपत्रिकेच्या मागे छापलेले सूत्र एकदा स्वतः वापरून पाहावे.

सीजीपीए खाली ओढणारे विषय पुष्कळदा मुख्य विषयाचे नसतातच. भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण, क्षमतावृद्धीची भाषा, खुले वैकल्पिक विषय यांना विद्यार्थी ‘साइड’चे विषय म्हणून बाजूला सारतात आणि त्यांच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या छोट्या छोट्या कामांकडे दुर्लक्ष करतात. दोन क्रेडिटचा असा पेपर हातचा गेला तर त्याची किंमत मुख्य विषयाच्या दोन क्रेडिटइतकीच असते. बॅकलॉग राहिला तर तो पुढे निघतो खरा, पण चौथ्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी तीन वर्षे पूर्णपणे उत्तीर्ण असल्याचे दाखवावे लागते, आणि पुनर्परीक्षेचा निकाल प्रवेशाच्या तारखेआधी लागेलच याची हमी कोणी देत नाही.

मुख्य विषयाची निवड जपून करावी, कारण चौथे वर्ष त्याच विषयात होते. गौण विषयात ऑनर्स मिळत नाही. कला आणि विज्ञान शाखांत अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकवतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतून मुख्य व गौण विषय ठरवावे लागतात. तो फॉर्म भरण्याआधी विभागात जाऊन एकच गोष्ट विचारावी: या विषयाचे चौथे वर्ष इथे आहे का किंवा सुरू होणार आहे का, आणि असल्यास कोणती शाखा? विचारणे अवघड वाटते. पण आवडता विषय निवडून तिसऱ्या वर्षी ‘आपल्याकडे तो फक्त तीन वर्षांचाच आहे’ असे ऐकणे त्याहून अवघड असते.

संशोधन म्हणजे काय याची चव आधीच घेता येते. महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालते आणि तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट असतो. महाविद्यालयीन फेरीत हरलात तरी पोस्टरसमोर उभे राहून परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचा सराव होतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘एनआययूएस’ (NIUS) हा पदवीपूर्व कार्यक्रम आणि देशातील तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप या दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात. आणि अभ्यासक्रमातच येणारा फील्ड प्रोजेक्ट ज्यांनी फाईल भरण्यापुरता केला नाही, त्यांच्या हाती चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाचा कच्चा आराखडा आयताच असतो.

मार्गदर्शक

संशोधन शाखेचा प्रवेश प्रत्यक्षात कोठे अडतो, असे मला कोणी विचारले तर मी गुणांकडे नव्हे, मार्गदर्शकाकडे बोट दाखवीन. आयोगाच्या आराखड्यानुसार ही शाखा चालवणाऱ्या विभागाकडे पुरेसे ग्रंथालय, नियतकालिके, संगणक व प्रयोगशाळा आणि पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक असणे अपेक्षित आहे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर विभागच्या विभाग चालतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही अट किती जड आहे ते सांगायला नको. पीएच.डी. चे संशोधन केंद्र म्हणून आधीच मान्यता मिळालेल्या विभागाला मात्र या शाखेसाठी विद्यापीठाची वेगळी परवानगी लागत नाही. म्हणून आपल्या महाविद्यालयात असे केंद्र कोणत्या विषयात आहे, हे तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाहावे.

शिक्षकांना भेटायला जाताना ‘सर, मला तुमच्याकडे रिसर्च करायचा आहे’ एवढेच वाक्य घेऊन जाऊ नये. त्या शिक्षकांनी कशावर काम केले आहे ते आधी वाचावे. भारतातील लाखो पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात, आणि तुमच्या शिक्षकांचा प्रबंधही तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. त्यातले एखादे प्रकरण वाचून मनात आलेला खरा प्रश्न घेऊन गेलात तर पाच मिनिटांची भेट अर्ध्या तासाची होते. पाचव्या सत्राची परीक्षा झाल्यानंतरचे दिवस अशा भेटीला सोयीचे असतात. एप्रिल-मे मध्ये शिक्षक पेपर तपासणीत बुडालेले असतात. आणि शिक्षकांनी नकार दिला तर तो व्यक्तिगत मानू नये, कारण प्रत्येकाकडील विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा असते. त्याच विषयातल्या दुसऱ्या कोणाकडे जावे, हे त्यांनाच विचारावे.

प्रश्न निवडताना

बहुतेक महाविद्यालये प्रवेशाच्या वेळी किंवा सातव्या सत्राच्या आरंभी दोन-तीन पानांचा संशोधन आराखडा मागतात. त्यात हमखास होणारी चूक म्हणजे प्रश्नाऐवजी विषय लिहिणे. ‘दुष्काळाचे शेतीवरील परिणाम’ हा विषय झाला, आणि त्यावर ३६० तासांत काहीच हाती लागणार नाही. ‘माण तालुक्यातील दोन गावांत गेल्या दहा वर्षांत चारापिकांखालील क्षेत्र कसे बदलले आणि त्याचा दूधधंद्याशी काय संबंध आहे’ हा प्रश्न झाला: गावे ठरली, कालावधी ठरला, तलाठ्याकडील पीकपाहणीच्या नोंदी आणि दूध संकलन केंद्राची वही हे पुरावेही डोळ्यांसमोर आले.

सत्रांचे वेळापत्रक आणि प्रश्नाचे वेळापत्रक जुळते का, हे फार थोडे जण तपासतात. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण पावसाळ्याआधी आणि नंतर मोजायचे असेल, तर पहिले नमुने मे महिन्यात घ्यावे लागतील, आणि तेव्हा तुमचा चौथ्या वर्षाचा प्रवेशही झालेला नसतो. ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेविषयी अभ्यास करायचा असेल तर ती कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि गळीत हंगाम संपल्यावरच परततात. मुलाखती कोठे आणि कोणत्या महिन्यात घेणार, हे आराखड्यात लिहिलेले असेल तर परीक्षकाला लगेच कळते की या विद्यार्थ्याने घराबाहेर पडून विचार केला आहे.

वाचायला साहित्य कोठून आणणार, हेही एका परिच्छेदात सांगावे. अनेक महाविद्यालयांना ‘एन-लिस्ट’ या योजनेतून हजारो ई-नियतकालिके मिळतात, पण त्याचा युजर आयडी ग्रंथपालांकडून मागून घ्यावा लागतो, आणि ग्रंथपालांचा अनुभव असा की तो मागायला येणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. शासकीय संस्थांना २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेचाही लाभ मिळतो. मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्राचा विद्यार्थी असाल तर जिल्ह्याच्या ठिकाणचे जुने नगर वाचन मंदिर विसरू नका. तिथली कित्येक बांधीव मासिके कोणत्याही संकेतस्थळावर सापडत नाहीत.

प्रत्यक्ष अर्ज

हा भाग त्या मानाने सोपा आहे. आपल्याच महाविद्यालयात पुढे शिकायचे असेल तर सहाव्या सत्राच्या निकालानंतर ठरावीक मुदतीत फॉर्म भरणे, शाखेचा पर्याय देणे आणि फी भरणे एवढेच असते. तीन वर्षांनंतर बाहेर पडण्याचा पर्याय चुकून निवडला जाणार नाही, इकडे लक्ष द्यावे. महाविद्यालय बदलायचे असेल तर महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, आणि नव्या विभागाची अभ्यासक्रम जुळत असल्याबद्दलची संमती लागते. ही संमती तोंडी न घेता लेखी घ्यावी.

क्रेडिटांची नोंद अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा ठेवणाऱ्या राष्ट्रीय डिजिटल खात्यात, होते. डिजिलॉकरमधून काढलेला आपला बारा अंकी क्रमांक सर्वांकडे असतो, पण त्या खात्यात सहाही सत्रांची क्रेडिट खरोखर जमा झाली आहेत का, हे क्वचितच कोणी उघडून पाहते. आधारवरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा एखाद्या वेलांटीचा फरक असला तरी नोंद अडकू शकते. ही दुरुस्ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून होते आणि तिला आठवडे लागतात. पाचव्या सत्रात सुरू केलीत तर प्रवेशाच्या वेळी धावपळ होणार नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन व्यासपीठावरील अभ्यासक्रमांची क्रेडिट धरायची असतील तर त्यांची प्रमाणपत्रेही याच वेळी जोडून घ्यावीत.

शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरील अर्जात चौथ्या वर्षाचा अभ्यासक्रम आपल्या महाविद्यालयाच्या नावापुढे दिसतो का, हे समाजकल्याणचे काम पाहणाऱ्या लिपिकाकडून फी भरण्याआधी खात्री करून घ्यावे. तीन वर्षांची पदवी पूर्ण झाली म्हणून खाते बंद झाल्याचे दाखवत असेल, तर नूतनीकरण करायचे की नवा अर्ज करायचा, हे त्यांनाच विचारावे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र यांची मुदत ३१ मार्चला संपत असेल, तर तहसील कार्यालयातील जूनची गर्दी सुरू होण्यापूर्वी, एप्रिलमध्येच, नवी प्रमाणपत्रे काढून ठेवावीत.